विरोधकांतर्फे दोन मिनिटं

उषे, तुझ्या शोकसभेत मला दोन मिनिटं मिळाली, तीही विरोधकांतर्फे.

सुनंदाताईंनी माइकवरून तसंच जाहीर केलं. "आता विरोधी गटाच्या वतीनं नलिनीबाई दोन शब्द बोलतील." आपल्या महिला मंडळाच्या त्या सेक्रेटरी, शिस्तीच्या बाई, तुझ्या गटातल्या अगदी पहिल्या. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही आणि हॉलमध्येही कुणाला वाटलं नाही. तू असतीस तर पदर तोंडाशी धरून हसली असतीस. मला हसू आलं नाही, रागच आला. आणि रागाच्याही आधी जे आलं, ते मी इथं सरळ सांगून टाकते, कारण तुझ्यापासून काही लपायचं नाही. मला मत्सर वाटला.

तुझं तेरावं अजून व्हायचंय. घरचं सगळं तुझ्या मुलानं नीट केलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते त्या पहिल्या रांगेबद्दल. पहिली रांग तुझ्या गटासाठी राखून ठेवली होती, खुर्च्यांवर रुमाल टाकून. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कुकटपल्लीहून, मिनीबस भरून आली होती. सगळ्या पांढऱ्या, फिक्या साड्यांत. त्यातली एक तर अशी हुंदके देत होती की शेजारणीला पाण्याची बाटली उघडावी लागली. तिनं तुला पाहिलं कधी? मंडळाची तिकडची शाखा सुरू झाल्यावर. आणि तू कॉलेजात रुजू झालीस त्या सकाळी स्टाफरूममध्ये तुला बसायला खुर्ची कुणी दिली होती? मी तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली नसलेल्या बाजूला, आणि माझ्या डोळ्यांत एक थेंब नाही. माझं रडू घरी होऊन गेलं होतं आणि इथं ते पुन्हा येईना. लोकांना वाटलं असेल, बघा, अजून मनात धरून बसली आहे.

मनात धरलं होतंच म्हणा. पण काय धरलं होतं ते त्यांना कुठून कळणार.

ती खुर्ची आठवते मला. तू बिदरकडच्या शेतकरी घरातली, घरात कॉलेजात शिकवणारी पहिली बाई, केसांना तेल, हातात इतिहासाचं भलं जाड पुस्तक. मी जुन्या शहरातल्या वकिलांच्या घरातली, राज्यशास्त्राची, दोन वर्षं आधी लागलेली, म्हणजे स्वतःला स्टाफरूमची मालकीण समजणारी. तू खुर्चीवर बसलीस आणि पहिल्याच दिवशी माझं एक वाक्य खोडलंस. मी कुणाला तरी सांगत होते की मुलींना अमेरिकेचा धडा मुळीच आवडत नाही, फार रुक्ष आहे. तू म्हणालीस, "धडा रुक्ष नाही हो, आपण त्यातलं भांडण काढून टाकतो." तेव्हा तू मला 'अहो' म्हणत होतीस. ते पुढं आठवडाभरसुद्धा टिकलं नाही.

मग तूच युक्ती काढलीस. तुझा तास आणि माझा तास जोडून घ्यायचा आणि एका वर्गासमोर दोघींनी भांडायचं. तो देश नुकताच जन्मलेला. राज्यघटना नवी कोरी. पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या मंत्रिमंडळात दोन हुशार माणसं. एक खजिन्याचा मंत्री, दुसरा परराष्ट्रमंत्री. खजिनदार म्हणाला, देशाची एक मोठी बँक काढू. परराष्ट्रमंत्री म्हणाला, घटनेत बँकेचा शब्द दाखवा. शब्द नव्हता. खजिनदार म्हणाला, घटनेत असं लिहिलंय की सरकारनं आपलं काम पार पाडायला आवश्यक ते सर्व करावं, त्यात बँक आली. दुसरा म्हणाला, आवश्यक म्हणजे ज्यावाचून अडतं ते, तुम्हाला सोयीचं वाटतं ते नव्हे. अशानं सरकारच्या हाताला उद्या काही सीमाच राहणार नाही. झालं. तिथून ते दोघं जे वेगळे झाले ते झालेच.

भूमिका वाटून घेताना मला वाटलं होतं, शेतकऱ्यांची बाजू घेणारा परराष्ट्रमंत्री तू घेशील. तू शेतातून आलेली. तू मान हलवलीस. "नक्को बाई. शेतीचं कौतुक ज्यांनी केली नाही त्यांनी करावं. मी खजिनदार." मग मला कळलं की तुझा खजिनदार बेटांवरचा पोरका मुलगा, व्यापाऱ्याच्या दुकानात कारकुनी करून वर आलेला, आणि माझा शेतकऱ्यांचा कैवारी मोठा जमीनदार, स्वतः नांगर न धरलेला. म्हणजे आपण बरोबर आपापल्या माणसाकडे गेलो होतो.

काय भांडायचीस तू! हातात खडू घेऊन टेबलावर टकटक करायचीस आणि मुलींना विचारायचीस, रस्ता कोण बांधणार, सैन्याला जेवण कोण देणार, तेरा राज्यं तेरा दिशांना बसली तर बाहेरून कुणी आलं की दार कोण लावणार. मी म्हणायचे, दार लावणाऱ्याच्या हातात किल्ली राहते, हे विसरू नका. आज दार लावतोय, उद्या तुम्हाला आत कोंडेल. मुली माझ्या वाक्याला माना डोलवायच्या आणि तुझ्या वाक्याला टाळ्या वाजवायच्या. दरवर्षी. माझा मुद्दा पक्का असायचा, तरी टाळी तुला. हे काय गौडबंगाल आहे, हे मी तुला कॅन्टीनमध्ये कितीदा विचारलं. तू चहात बिस्किट बुडवून म्हणायचीस, "तू त्यांना घाबरवतेस, मी त्यांना काम देते." तेव्हासुद्धा मला मत्सर वाटायचा, पण तेव्हाचा मत्सर गोड होता. पुढच्या वर्षी पाडते तुला, असा.

तुझे हुकमाचे पत्ते मला पाठ होते. पहिला, माझ्या स्वातंत्र्याच्या पुजाऱ्याच्या घरी गुलाम होते. हा तू हळू आवाजात टाकायचीस, वर्ग शांत झाल्यावर, आणि मी त्याला कधी उत्तर दिलं नाही कारण त्याला उत्तर नाही. दुसरा तू मोठ्यानं टाकायचीस. लिहिलंय तेवढंच करा म्हणणारा हाच गृहस्थ पुढं स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला आणि घटनेत एक अक्षर नसताना फ्रान्सकडून देशाएवढा मुलूख विकत घेऊन बसला! मुली किंचाळायच्या. मग मी माझा पत्ता काढायची. तुझ्या खजिनदाराच्या पक्षानं सत्तेत असताना सरकारवर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगात टाकायचा कायदा केला होता. "आवश्यक ते सर्व, नाही का?" असं मी तुझ्याकडे बघून म्हणायची. तू खडू खाली ठेवायचीस. ते माझे सोन्याचे क्षण होते.

आणि शेवटी आपण दोघी एकाच बाकावर बसून धड्याचं सार सांगायचो. पक्ष कुणालाच नको होते. खजिनदाराला नाही, जमीनदाराला नाही. पहिला राष्ट्राध्यक्ष तर जाताना सगळ्यांना बजावून गेला की गटतट करू नका, घर फुटेल. त्या घटनेत पक्ष हा शब्दच नाही. दोघंही म्हणायचे, मी देशाचा माणूस, गट तर समोरच्यानं केलाय. एकानं वर्तमानपत्र काढवलं म्हणून दुसऱ्यानं काढवलं. एकाच्या घरी जेवायला कोण जातं ते दुसरा बघू लागला. आणि एक दिवस पाहतात तर पक्ष होऊन बसलेले. मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारायचीच, मॅडम, मग पक्ष केले कुणी? तू म्हणायचीस, माणसाला एकट्यानं मत सांभाळता येत नाही, सोबत लागते, ती सोबत म्हणजे पक्ष. मी म्हणायचे, सोबतीनं नाही, भीतीनं होतात पक्ष. समोरचा आपल्याला गिळेल या भीतीनं. घंटा व्हायची. तो वाद आपण कधी मिटवला नाही. मिटवला असता तर पुढच्या वर्षी काय केलं असतं?

इतकं सगळं शिकवलेल्या दोन बायका. आणि आपणच काय केलं बघ.

आबिड्सच्या मागच्या गल्लीतलं आपलं मंडळ. आपल्या दोघींच्या सासवांच्या काळापासून तिथं निवडणूक झालेली नव्हती. कुणाच्या तरी घरी पोहे व्हायचे, पोह्यांवर अध्यक्षा ठरायची आणि सभेत टाळ्यांनी बिनविरोध. घटना होती, कपाटात होती. ती बाहेर काढली आपण, तू आणि मी. कारण कुकटपल्ली. तिकडं नोकरीवाली नवी घरं वाढली, आपली नातवंडं तिकडं, मराठी बोलतात पण पाटी वाचता येत नाही. तू म्हणालीस, कार्यकारिणीनं तिथं शाखा काढावी, मुलांचा मराठीचा वर्ग सुरू करावा. मी म्हणाले, जरूर काढा, पण शाखेचा शब्द घटनेत नाही, आधी सर्व सभासदांची सभा बोलवा. तू घटना उघडलीस, चष्मा नाकावर ओढलास आणि वाचलंस, "मंडळाच्या उद्दिष्टांसाठी आवश्यक ते सर्व कार्यकारिणी करील." आणि माझ्याकडे बघून अशी हसलीस! मलाही हसू फुटलं. बाकीच्या बायकांना कळेना, या दोघी हसताहेत का. आपल्याला वाटलं, आपण वर्ग घेतोय.

पण समोर मुली नव्हत्या, सभासद होत्या. त्यांनी ते मनावर घेतलं. महिन्याभरात उषाताईंकडच्या आणि नलिनीताईंकडच्या झाल्या. व्हॉट्सअॅपवर दोन ग्रुप झाले. जिला तू कधीतरी चहात साखर जास्त म्हणाली होतीस ती माझ्याकडे आली. जिला मी व्याकरणावरून टोकलं होतं ती तुझ्याकडे गेली. घटनेतलं कलम त्यातल्या निम्म्यांनी वाचलंही नव्हतं. मग मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा मतपत्रिका झाल्या, आणि मतपेटी कुठून आणायची म्हणून लाडवांचा स्टीलचा डबा पुसून घेतला. तू निवडून आलीस. डब्याला अजून वेलचीचा वास होता आणि माझ्या गटातली मंगला म्हणाली, "डबा त्यांच्याकडचा होता, नलिनीताई, म्हणून हरलो आपण."

संक्रांतीला हळदीकुंकूही दोन झाली. एकाच दिवशी, एकाच वेळी. तुझं कुकटपल्लीला, माझं आबिड्सला. आणि वाण आणायला बेगम बाजारात आपण दोघी एकत्र गेलो, कारण मला घासाघीस जमत नाही आणि तुला पिशव्या एकटीला उचलत नाहीत. तू वाट्या निवडल्यास, मी डाव. दुकानदार आपल्याला ओळखणारा. म्हणाला, "अम्मा, दोनों एकीच माल ले लेव ना, सस्ता पडता." तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "नक्को भाई, हमारे पार्टियां अलग अलग हैं." तो म्हातारा आपल्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. परतताना एकाच रिक्षात बसलो. गल्लीच्या तोंडाशी मी उतरले, तू पुढं गेलीस, कारण मंगलानं आपल्याला एकत्र पाहिलं असतं तर माझा पक्ष फुटला असता.

हे आपण किती वर्षं केलं! सभेत समोरासमोर, आणि संध्याकाळी फोनवर दोन्ही बाजूंचा हिशेब. तू मला तुझ्या गटातली भांडणं सांगायचीस, मी माझ्या. तरी मी खरं सांगते, तुझ्या गटाचा मला हेवा वाटायचा. तुझ्याकडे लोक तुझ्यासाठी यायचे. माझ्याकडे तुझ्यावर चिडलेले यायचे. माझा अख्खा पक्ष तुझ्यावर उभा होता, उषे. तू एक दिवस सगळ्यांशी गोड वागली असतीस तर मी एकटी उरले असते.

आणि तुझी शाखा चालली. मी म्हटलं होतं वर्षात बंद पडेल. मी एकदा गुपचूप बघून आले, तुला ते कळलं नाही असं मला वाटतं. तिसऱ्या मजल्यावर, एका कोचिंग क्लासच्या खोलीत, पंधरावीस पोरं चटईवर बसून बाराखडी म्हणत होती, मध्येच एक तेलुगूत भांडत होता, आणि तू त्यांच्यात मांडी घालून. मला आनंद झाला आणि मला ते अजिबात सहन झालं नाही. घरी येऊन मी सर्वसाधारण सभेच्या मागणीचा अर्ज पुन्हा लिहिला.

आपला शेवटचा फोन आठवतो ना? तू आपल्या त्या दोन गृहस्थांवर आली होतीस. खजिनदार द्वंद्वयुद्धात मेला, तरुणच म्हणायचा. जमीनदार त्यानंतर कित्येक वर्षं जगला. त्यानं आपल्या घरात, शिरल्या शिरल्या जी बैठक लागते तिथं, स्वतःचा अर्धपुतळा ठेवला होता आणि बरोबर समोर त्या खजिनदाराचा. आयुष्यभर ज्याच्याशी भांडला त्याचा. तू विचारलंस, "नलू, का ठेवला असेल?" मी म्हटलं, रोज येता-जाता त्याला सांगायला की बघ, मी आहे आणि तू नाहीस. तू म्हणालीस, "हट! करमत नसेल त्याला." मी म्हटलं, तू फार भाबडी आहेस. तू म्हणालीस, दाराशी कुणीतरी आलंय, उद्या बोलू, माझ्याकडे तुझ्यासाठी एक मुद्दा आहे. तो मुद्दा कुठला होता, उषे? मी सगळीकडून विचार करून पाहिला. मला तो सुचत नाही. तुझे मुद्दे मला कधीच आधी सुचत नसत, म्हणून तर मी हरायची.

तर तुझी शोकसभा.

तुझ्या गटातल्या चारपाच जणी बोलून झाल्या. माया, ममता, वात्सल्य. मी मनात म्हणत होते, कुणाबद्दल चाललंय हे? एकीनंही म्हटलं नाही की तू हट्टी होतीस. मग सुनंदाताईंनी श्वेताला बोलावलं. कुकटपल्लीची, कंपनीत नोकरी करणारी, तुझ्या शाखेत मुलांना शिकवणारी. आपल्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, पण शेवटच्या वर्षाला आली ती मी निवृत्त झाल्यावर, म्हणून मला फारशी माहीत नव्हती. ती फोनवर लिहून आणलेलं वाचणार होती, पण ते रोमन अक्षरांतलं मराठी, आणि डोळे भरलेले. तिनं फोन बाजूला ठेवला.

"मला भाषण नाही येत, सॉरी. मॅडमनी मला फायनल इयरला एक रोल दिलेला. अमेरिकावाला. नलिनी मॅडम रिटायर झाल्यावर त्यांचा रोल कोण करणार, तर उषा मॅडम बोलल्या, तू कर. मी बोलले, मॅडम, मला नाही येणार हौ. तर बोलल्या, येईल, मी शिकवते. त्यांनी मला पूरा शिकवला. नलिनी मॅडम कुठं थांबतात, कुठं बोट वर करतात, सगळं. मी पाडू शकले नाही त्यांना. नंतर दरवर्षी एका मुलीला तो रोल द्यायच्या. पण पहिली मी होते."

ती माझ्याकडे बघून हसली, रडत रडत. तिला वाटलं, ती मला काहीतरी देतेय. शेजारच्या बाईनं माझा हात दाबला. "किती मान होता बघा तुमच्याबद्दल."

मान! उषे, माझ्या अंगाचा भडका उडाला. तू माझी जागा वाटलीस. दरवर्षी एका पोरीला. माझं बोटसुद्धा दिलंस. आणि रोज संध्याकाळी फोनवर मला भेंडीचे भाव सांगत होतीस, हे एकदाही सांगितलं नाहीस. मला वाटत होतं मी गेल्यावर तो धडा पुन्हा रुक्ष झाला असेल. मी मनातल्या मनात त्या वर्गाला कुलूप घालून ठेवलं होतं. तू मला परकी केलीस असं मी म्हणत नाही. तुला समोर कुणीतरी लागायचं, मला माहीत आहे, तुला भिंतीशी भांडता येत नव्हतं. पण तू तुझ्या गटाला हवी तितकी माणसं जमवली असतीस, तरी मी काही बोलले नसते. विरोधात मी पुरेशी नव्हते का?

त्याच भडक्यात माझं नाव पुकारलं गेलं, विरोधी गटाच्या वतीनं. मी माइकपाशी गेले. लिहून आणलेलं पर्समध्येच राहिलं. मी म्हणाले, उषा हट्टी होती, घासाघीस करण्यात हुशार होती आणि घटनेचा अर्थ लावण्यात ती शेवटपर्यंत चुकत होती. एवढं म्हणून मी खाली उतरले. दोन मिनिटंही झाली नव्हती. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना.

दोन मिनिटं मौन झालं. आणि लोक उठणार तेवढ्यात सुनंदाताईंनी पुन्हा माइक घेतला. म्हणाल्या, सगळ्या जमल्याच आहोत तर एक ठराव करून टाकू. कुकटपल्ली शाखेला आपल्या लाडक्या उषाताईंचं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभा आहे हे आठवून थांबल्या. "बिनविरोध मंजूर समजू या," सुनंदाताई म्हणाल्या.

बिनविरोध. तुला! जन्मात एक गोष्ट तुला बिनविरोध मिळाली नाही, आणि ती मिळू नये याची काळजी मी घेतली. आता तू नाहीस तर ह्या तुला पोह्यांवर ठरलेल्या अध्यक्षांच्या रांगेत नेऊन बसवणार.

मी उभी राहिले. "नोटीस दिली होती का या ठरावाची?"

मंगलानं माझी साडी ओढली. "नलिनीताई, आज नको. लोक काय म्हणतील?"

"शोकसभेत ठराव येत नसतो," मी म्हणाले. "आणि नाव देण्याचा अधिकार कुठल्या कलमात आहे?"

सुनंदाताईंनी घटनेची प्रत काढली आणि तेच वाचलं, मंडळाच्या उद्दिष्टांसाठी आवश्यक ते सर्व. तुझंच वाक्य, पण त्यांच्या तोंडून ते अगदी मेलं होतं. मी विचारलं, "शाखेला नाव दिल्यावाचून मुलांचं मराठी अडलंय का?" आणि मी थांबले. उषे, मी खरोखर थांबले. आता कुणीतरी चष्मा नाकावर ओढून उठेल आणि माझ्या चिंध्या करील म्हणून. तुझ्या सबंध पहिल्या रांगेतून एक जण उठेना. तू इतकी वर्षं ह्यांना शिकवलंस काय? सुनंदाताई माइकपासून दूर होऊन हळूच म्हणाल्या, "नलिनीबाई, आम्ही समजू शकतो." त्यांच्या डोळ्यांत कीव होती. तू माझी कधी कीव केली नाहीस. हरवलंस, दमवलंस, टाळ्या पळवल्यास, पण कीव नाही केलीस. माझं सगळं आयुष्य त्यात आलं, आणि ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

"मतदान घ्या," मी म्हणाले.

ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. पहिली रांग, दुसरी, माझ्या आजूबाजूची. मंगलाचा हात वर होता. माझा पक्ष तुझ्याबरोबरच संपला होता, मी म्हटलं होतं तसं.

"विरोधात?"

मी हात वर केला. आणि पहिल्या रांगेच्या टोकाला एक कोपर हललं. श्वेता. डोळे पुसत पुसत, माझ्याकडे बघत, तिचा हात खांद्यापर्यंत आला होता. तिला मला एकटी पडू द्यायचं नव्हतं, किंवा तू शिकवलेला रोल ती करत होती, मला ठाऊक नाही. तिचा हेतू चांगलाच असणार. मी तिच्याकडे बघितलं. परीक्षेत शेजारच्या पेपरात डोकावणाऱ्या मुलीकडे मी जसं बघायची, तसं. तिनं हात खाली घेतला.

सुनंदाताईंनी हॉलभर नजर फिरवली. "विरोधात एकच ना?"

"एकच," मी म्हणाले.